आम्ही म्हणजे कोण

चार गल्ल्या. 'आमच्या चार गल्ल्या' असं लिहिणार होतो, पण तो शब्द मी हल्ली जपून वापरतो. का, ते कळेलच.

तर या चार गल्ल्यांत नळाला पाणी इतकं बारीक यायचं की एखादी नळाखाली घागर लावून बाळंतपणाला माहेरी जायची आणि पोर कडेवर घेऊन परत यायची, तेव्हा कुठे घागर भरत आलेली असायची. पटत नसेल तर सोडून द्या. दिव्याचे खांब चार आणि दिवा एक. गटार असं काढलेलं की पाणी चढावर जायला निघायचं आणि अर्ध्यात दमून कुणाच्या तरी दारात बसायचं. हे सगळं लांबच्या एका ऑफिसात ठरलेलं होतं आणि ठरवणाऱ्याने इथे पाऊल टाकलेलं नव्हतं. त्याच्या नकाशात गल्ल्या तीनच होत्या. चौथीतली माणसं त्यामुळे जरा हळूच बोलायची.

मी चौथीतला. कुलपं दुरुस्त करतो, चाव्या घडवतो. घरी मी आणि थोरली बहीण, अक्का. अक्का शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा आणि ती एकोणीसची, म्हणजे मला वाढवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. ते काम काही फारसं जमलं नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

एका रविवारी सकाळी सायकलवरून एक बाई आल्या. बंद पडलेल्या बाटल्यांच्या कारखान्याची कँटीन रिकामीच होती, तिथे त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"मी एका संस्थेकडून आलेय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही देणार नाहीये."

"मग सायकल कशाला दमवलीत?" शिंपी म्हणाला. त्याची जीभ त्याच्या कात्रीपेक्षा धारदार होती.

"विचारायला आलेय. इथे काय व्हायला पाहिजे?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तर कुणाकडे तयार नव्हतं. बाई मात्र दर रविवारी येत राहिल्या. त्यांनी माणसांना गोल बसायला शिकवलं. जे कधी बोलत नाहीत त्यांनी आधी बोलायचं, हे शिकवलं. कँटीनच्या फरशीवर खडूने नकाशा काढायला लावला, आणि त्यात चौथी गल्ली निघाली तेव्हा दोन म्हाताऱ्या चक्क रडल्या. एक नियमही त्यांनीच घालून दिला. सभेत कुणाच्या विरुद्ध काही ठरलं, तर ते त्याला चव्हाट्यावर कळू नये. त्याच्या घरच्याच माणसाने त्याला समोर बसवून ठराव वाचून दाखवायचा. चांगल्या मनाने केलेला नियम होता तो.

बाईंची मायबोली वेगळी होती. त्या भाषेत म्हणे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्दच नाहीत, एकातच सगळं भागतं. त्यामुळे बाई किटली हातात घेऊन सगळ्यांना हाक मारायच्या, "चला, आम्ही चहा पिऊ या!" आणि वर सगळ्यांचे कप भरायच्या. लोक पोट धरून हसायचे. जीव लावला होता त्यांनी.

पहिल्या गल्लीच्या तोंडाशी पाटी लावायचं ठरलं, तेव्हा पेंटरने त्यावर बाईंचंच वाक्य घ्यायचं ठरवलं, त्यांनी म्हटलं तसंच. आम्ही आमचं ठरवतो.

"पेंटर, ब्रश थांबव," अक्का म्हणाली. "आम्ही नाही. आपण."

"अक्का, शाळा सुटली की हो!"

"तुझी सुटली असेल. अरे, 'आपण चहा घेऊ' म्हटलं की समोरच्यालाही कप मिळतो. 'आम्ही चहा घेतो' म्हटलं की त्याने बघत बसायचं. आणि पाटी वाचणारा प्रत्येक माणूस समोरचाच असतो. वाचेल तो बाहेर."

ठरावकाकांनी कानावरची पेन्सिल काढली. हे कारखान्यात टाइमकीपर होते. कारखाना बंद पडला, पण यांच्यातला टाइमकीपर काही बंद पडला नाही. आता ते सभेचे ठराव लिहायचे. "बाईंचं वाक्य आहे," ते म्हणाले, "त्यातली वेलांटीसुद्धा हलणार नाही. हात वर करा."

अक्का सोडून सगळ्यांचे हात वर गेले. माझा? माझाही. बाईंचा चहा मीही प्यायलो होतो.

पाटी लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी ऑफिसातला साहेब फाईल आणि टेप घेऊन आला. पाटीसमोर उभा राहिला, ओठ हलवत ती वाचली, आणि गल्लीत शिरला. म्हणजे त्याला वाटलं शिरला. तो निघाला थेट हमरस्त्यावर. परत आला, परत शिरला, परत हमरस्त्यावर. चौथ्या खेपेला त्याने मला विचारलं, "अहो, या गल्ल्यांत जायचं कुठून?" तो गल्लीच्या तोंडातच उभा होता. मी बोट दाखवलं. त्याने तिकडे पाहिलं आणि हवेतच तळहात फिरवायला लागला, वर, खाली, आडवा. आंधळा माणूस भिंत चाचपतो तसा. मग टेप गुंडाळून निघून गेला.

त्या दिवशी लोक इतके हसले की एकाची कवळी गटारात पडली. अक्का हसली नाही.

पुढच्या सहा महिन्यांत मात्र जे झालं त्याला तोड नाही. लोकांनी खांद्यावर पाइप वाहून आणले, गटार उताराकडे वळवलं, चारही खांबांवर दिवे लावले. आयुष्यभर पदराआड बोललेल्या बायका उभ्या राहून ठरावकाकांना "तुम्ही खाली बसा" म्हणायला लागल्या. चौथी गल्ली मोठ्याने बोलू लागली. हे सगळं खरं होतं, मेहनतीचं होतं. म्हणून तर पुढचं इतकं सोपं गेलं.

नवा नळ शिंप्याच्या दारात बसवायचं ठरत होतं. शिंपी उठला. "रांगेतल्या घागरी हिंदकळतात. गिऱ्हाइकाचं कापड भिजलं तर तोंड कुणाला दाखवू? चार पावलं पुढे घ्या, एवढंच म्हणतोय."

"वेळ संपला," ठरावकाका म्हणाले.

"अहो, आत्ता तर तोंड उघडलं!"

"तुमचं एकदा उघडलं की रविवार संपतो," कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. हात वर गेले. शिंप्याच्या घरचा माणूस म्हणजे पेंटर, त्याच्या बहिणीचा नवरा. त्याने कागद घेतला, मेव्हण्याच्या दुकानात गेला आणि वाचलं, "आम्ही ठरवलं आहे की नळ तुमच्या दारातच बसेल."

मी शेजारच्या गिरणीचं कुलूप सोडवत होतो, म्हणून शिंप्याचं बोलणं मला नीट ऐकू आलं. तो म्हणाला, "आम्ही? अरे, मग मी कुठे गेलो?"

कुलूप सुटायला पाच मिनिटं लागली असतील. माझी एक पँट त्याच्याकडे आखूड करायला दिली होती, ती मागायला वळलो, तर दुकान नव्हतं. गिरणीपासून कोपऱ्यापर्यंत सलग भिंत. गिलावा ओला होता, बोट लावलं तर ठसा उमटला.

"पेंटर, शिंपी कुठाय हो?"

"कोण शिंपी?"

"तुमचा मेव्हणा!"

"मला मेव्हणा नाही. बायको एकुलती एक आहे," पेंटर म्हणाला, आणि खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मी ओळखतो, तो तसा नव्हता. त्याच्या घरात त्याची बायको जेवायची ताटं मांडत होती. एक ताट जास्त झालं. तिने ते उचललं, बघितलं, परत मांडलं, परत उचललं. मी तिथून निघालो तरी तिचं तेच चाललं होतं.

आणि भिंतीतून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

मला तो आठवत राहिला तो त्या पँटीमुळे. अक्काला सगळेच आठवतात, तिला हजेरी घ्यायची सवय. मी सांगितल्यावर तिने चपला घातल्या, भिंतीशी जाऊन कान लावला. "आत आहे," ती म्हणाली. "कॉलर शिवतोय. मधूनमधून शिव्याही देतोय."

तिने हे बाईंच्या कानावर घातलं. पुढच्या रविवारी बाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने उभ्या राहिल्या. "थांबा जरा," त्या म्हणाल्या. "आम्ही चुकतोय." त्याही वेळी शब्द तोच. "ती पाटी आधी उतरवा."

ठरावकाका फार गोड हसले. "बाई, पहिल्याच सभेत तुम्ही काय म्हणाला होता? एक दिवस माझी गरज उरणार नाही, तेव्हा माझं काम झालं म्हणायचं. झालं की! हात वर करा."

बाईंना इथे घरचं कुणी नव्हतं. मग ठरावकाकाच त्यांचे मानलेले भाऊ झाले आणि त्यांनी वाचलं, "आम्ही आपले ऋणी आहोत. आम्हाला आता आपली गरज नाही." टाळ्या पडल्या, मनापासून पडल्या. टाळ्या संपल्या तेव्हा बाईंची खुर्ची रिकामी होती. सायकल दाराशी स्टँडवर उभी राहिली. तिच्यावर गंज चढला, मग वेल चढला. ती कुणाची, असं कुणी विचारलं नाही.

मग ते रोजचंच झालं. गिरणीवाला गेला, कारण पीठ उडतं. पहिल्या गल्लीतल्या दोन बहिणी गेल्या, कारण त्या सभेत कुजबुजायच्या. उशिरा येणारे एक आजोबा गेले. दर वेळी कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी सून कागद वाचायची आणि घरी जाऊन निवांत जेवायची. गल्ल्या रुंद झाल्या, स्वच्छ झाल्या, शांत झाल्या. भिंती लांबल्या. आणि त्या भिंतींमागे, दुपारी वर्दळ कमी झाली की, खुर्च्या सरकल्याचे आवाज यायचे. गोल बसायला सरकवतात तसे.

अक्का दर रविवारी सभेत उभी राहायची आणि एकच वाक्य बोलायची. "पाटीवरचा शब्द बदला." बोलून झालं की बसायची. आता तिच्याकडे बघून ठरावकाका पेन्सिलीला टोक काढू लागले होते.

"अक्का, गप्प बस ना थोडे दिवस," मी घरी तिच्या मागे लागलो.

"जन्मभर पोरांना गप्प बसवलं, तेवढं पाप पुरे. आता मी नाही बसायची."

"अगं, तुझा कागद मलाच वाचायला देतील. घरचा माणूस मीच आहे."

"ठाऊक आहे." ती नखं कापत होती, मान वर न करता म्हणाली, "उच्चार तेवढा नीट कर. तुझा 'म्ही' लहानपणापासून फाटतो."

मला हसू आलं नाही. जगात मला एकच माणूस होतं. ते भिंतीत जायला एक रविवार उरला होता, आणि तिला तिथे घालणार होती माझी जीभ.

तो रविवार आला. कँटीन भरलेली. अक्का पहिल्या रांगेत, नेहमीचं वाक्य बोलून खाली बसलेली. हात वर झाले. मी माझा हात मांडीखाली दाबून बसलो होतो, पण ठरावकाकांनी त्याची गरजच ठेवली नाही. "बहुमत झालं," ते म्हणाले, आणि कागद माझ्यापुढे धरला. "चावीवाले, वाचा. बहीण तुमची."

कागदावर होतं, आम्ही ठरवलं आहे की अक्कांनी यापुढे सभेत येऊ नये.

उठलो. डोकं चालत होतं. आयुष्यभर कुलपं उघडली आहेत मी. ज्या चावीने बंद होतं त्याच चावीने उघडतं, हे मला शिकवायला नको. शब्द ज्याला ऐकवावा तो बाहेर, असंच ना? मग ऐकवायचा कुणाला, ते तर माझ्या हातात होतं. मी अक्काच्या समोर गेलो नाही. तिच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड सभेकडे केलं.

"काय करतोस?" अक्का पुटपुटली.

मी मोठ्याने वाचलं, "आम्ही ठरवलं आहे की आम्ही कुठेही जाणार नाही. आम्ही म्हणजे अक्का आणि मी."

आणि त्या दिवशी माझा 'म्ही' अजिबात फाटला नाही.

ठरावकाकांची पेन्सिल हवेत थांबली. पेंटरच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहायची तसं. मला घाम आला होता, चष्मा नाकावरून घसरून खाली पडला. तो उचलायला वाकलो. पुसला, लावला, सरळ झालो.

साठ-सत्तर खुर्च्या होत्या. एकीवर कुणाची तरी ओढणी होती, ती सावकाश घसरत होती. पंखा फिरत होता.

बाहेर धावलो. पहिली गल्ली, दुसरी, तिसरी. दोन्ही बाजूंना सलग भिंत, ओल्या गिलाव्याचा वास. चौथ्या गल्लीत एकच दार उरलं होतं. आमचं. हो, आमचं. इथे तोच शब्द लागतो.

परत आलो तेव्हा अक्का तशीच बसून होती.

"वाचलीस ना?" मी धापा टाकत म्हणालो. "वाचवलं की नाही तुला?"

"कुणाला विचारून?"

"म्हणजे?"

"आम्ही म्हणालास. त्या आम्हीत मला ओढलंस. मला विचारलंस?" ती ओरडली नाही. वर्गात ओरडायची तेव्हा मला बरं वाटायचं. "ठरावकाका निदान हात तरी वर करायला लावतो."

"अक्का, ते तुला भिंतीत घालणार होते!"

"घालू देत की. शिंपी तिकडे आहे. बाई आहेत. गिरणीवाला आहे. आता पेंटरची बायको आहे, तिला भाऊ सापडला असेल. उरलं कोण इकडे?" तिने डोळ्यांनीच हजेरी घेतली. त्याला काही वेळ लागला नाही. "दोन माणसांची सभा होत नसते, धाकट्या. सभा तिकडे भरली आहे."

तिने ती ओढणी उचलली, घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि कँटीनच्या मागच्या भिंतीकडे चालू लागली. मी आडवा झालो. पाय धरले म्हणा ना, या वयात. ती मला ओलांडून गेली.

भिंतीवर तिने टकटक केलं. आत शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

"आपण बसायचं का?" तिने विचारलं. शेजारणीला विचारावं इतक्या साध्या आवाजात.

आत एक खुर्ची सरकली. कुणीतरी जागा करत होतं.

पापणी लववायची नाही, असं मी ठरवलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, तरी लववली नाही. मग लवलीच. भिंतीवर चार बोटांचे ठसे होते, अजून ओले.

तेव्हापासून इथलं सगळं मी ठरवतो. नळाला पाणी एवढ्या जोराने येतं की घागर हातातून उडते. चारही दिवे लागतात. गटार उताराने वाहतं, त्यात घाण टाकायला कुणी नाही. ठराव एकमताने होतात. दिवसातून शंभर वेळा त्या भिंतीसमोर उभा राहून 'आपण' म्हणून पाहिलं. नुसता आवाज निघतो. आपण म्हणायला समोर कुणीतरी लागतं. माझ्याकडच्या सगळ्या चाव्या आणून झाल्या, पण चावी लावायला भोक तर हवं.

काल दुपारी कान लावून बसलो होतो. आत भरगच्च सभा होती. ठरावकाका हजेरी वाचत होते आणि नावागणिक कुणीतरी 'आहे' म्हणत होतं. बाई कुणाला तरी "आम्ही चहा पिऊ या" म्हणाल्या, अक्काने त्यांना सुधारलं, त्यांनी परत म्हटलं आणि या वेळी बरोबर म्हटलं. सगळे हसले. मीही हसलो, भिंतीला गाल लावून.

मग पेंटरचा आवाज आला. "सगळे आले. पण तो बाहेरचा? त्याचं काय करायचं?"

हसणं थांबलं. खुर्च्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "हात वर करा."

श्वास रोखून ऐकत राहिलो. एक जण मोजायला लागला. एक, दोन, तीन, बराच वेळ मोजत होता. हात कशासाठी वर केले होते, ते मला ऐकू आलेलं नव्हतं. मोजणी संपली, आणि मग अक्काची चप्पल फरशीवर वाजली. ती सावकाश भिंतीकडे येत होती, आणि तिच्या हातात कागद फडफडत होता.